क्षितिज कुठे धरायचं?

१७९३ सालचा उन्हाळा. तुम्ही साष्टी बेटावर, कान्हेरीच्या डोंगरातल्या पायवाटेवर उभे आहात. ठाण्याचा किल्ला मराठ्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला त्याला अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. पानगळ झालेल्या झाडांतून ऊन सरळ डोक्यावर येतंय. पुढे तीन गोरे चित्रकार चाललेत. थॉमस डॅनियल, त्याचा तरुण पुतण्या विल्यम आणि त्यांच्या सोबतीला स्कॉटलंडहून येऊन मुंबईत स्थिरावलेला जेम्स वेल्स. मागून येणाऱ्या हमालाच्या डोक्यावर एक लाकडी पेटी आहे. तिला ते कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणतात.

पेटी मांडली जाते. तुम्ही काळ्या कापडाखाली डोकं घालता आणि दचकता. समोरचा डोंगर, झाडं, वर चढणारा माणूस, सगळं रंगांसकट कागदावर उतरलंय आणि हलतंय. आता पेन्सिलीनं गिरवलं की झालं, असं तुम्हाला वाटतं. पण गिरवलेल्या रेघा हा फक्त कच्चा माल. खरं चित्र पुढे लंडनला बसून तयार होणार. डॅनियल काका-पुतण्यांचा ‘ओरिएंटल सीनरी’ हा १४४ चित्रांचा संच १७९५ ते १८०८ या काळात निघेल. त्या काळच्या इंग्रज निसर्गचित्रकारांच्या डोक्यात एक साचा पक्का बसलेला आहे. तो दीडशे वर्षांपूर्वी रोममध्ये राहणाऱ्या क्लोद लोरँ या फ्रेंच चित्रकाराचा. एका बाजूला काळोखं मोठं झाड, मधल्या पट्ट्यात उजेड आणि पाणी, मागे निळसर होत गेलेले डोंगर, पुढच्या कोपऱ्यात गुरं आणि गुराखी. झाड नेमक्या जागी नसेल तर ते सरकवायचं. गुराखी नसेल तर आणायचा.

या साच्याला हसू नका. तो चालतो, कारण डोळा तसाच चालतो. आधी काळोखावर थबकतो, मग उजेडाकडे ओढला जातो, शेवटी दूरवर जाऊन विसावतो. त्याच सुमारास पुण्याला इंग्रज रेसिडेंट मॅलेट साहेबाच्या आश्रयानं गंगाराम तांबट नावाचा आपला मराठी चित्रकार कार्ल्या-वेरूळची लेणी कागदावर उतरवतोय. म्हणजे ही नजर मराठी हातातही उतरू लागलीय. वेल्स मात्र दोनच वर्षांत, १७९५ मध्ये, तापानं जाईल. डोंगरातली ही शांतता चित्रात जितकी निवांत दिसते, तितकी अंगाला मानवणारी नाही.

आता साठ वर्षं पुढे या आणि गाडीत बसा.

१ मे १८५४. गेल्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून १४ डबे आणि ४०० पाहुणे घेऊन गाडी ठाण्यापर्यंत आली होती. आज ती कल्याणपर्यंत जातेय. ठाणं सुटतं आणि चाकांचा आवाज बदलतो. खाली खाडी आहे. दगडी कमानींचा पूल, मध्ये होड्यांना वाट राहावी म्हणून लोखंडी तुळयांचा मोकळा गाळा. पुढे पारसिकच्या डोंगराच्या सोंडेत काळोख, मग पुन्हा उजेड. मग एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला खाडी.

खिडकीची चौकट तुमच्यासमोर तयार आहे, पण तिच्यात काहीतरी बिनसलंय. जवळची झुडपं, रुळाकडेची माणसं पुसल्यासारखी जातात. मधली शेतं सावकाश सरकतात. लांबचा मलंगगड मात्र जागचा हलत नाही. क्लोदच्या साच्यात पुढचा कोपरा हा चित्राचा पाया होता, डोळा तिथून आत शिरायचा. गाडीनं तो पायाच काढून घेतला. लंडनमध्ये चित्रकार टर्नरनं १८४४ मध्येच पाऊस, वाफ आणि वेग यांचं चित्र टांगून ही गोष्ट सांगितली होती. ठाणे-कल्याणच्या माणसाला ती आज, तिकीट काढून, कळतेय.

खिडकीतून आणखी एक गोष्ट बघा. डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये एक निळसर पडदा आहे. दूरचं फिकट आणि निळं दिसतं ते हवेमुळे, हे खरंच. खाडीवरच्या दमट हवेत ते जास्तच जाणवतं. पण आजच्या पडद्यात धूरही आहे. मे महिना म्हणजे राब भाजायचे दिवस. झाडांच्या फांद्या, पाला, शेण, गवत भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळतात, म्हणजे पावसाआधी जमीन तयार होते. म्हणूनच शेतांतून काळे चौकोन दिसतायत. चित्रात हा धूर ‘धूसर, स्वप्नाळू वातावरण’ म्हणून येईल. इथल्या शेतकऱ्याला तो पुढच्या पिकाचा हिशोब आहे. या राबासाठी जंगलातून पाला तोडण्यावरून १८८० च्या दशकात ठाणे जिल्ह्यात शेतकरी आणि जंगलखातं यांचं चांगलंच जुंपणार आहे. चित्रातल्या वातावरणाला असं कारण असतं, आणि ते बहुधा कुणाच्या तरी कामात असतं.

अंबरनाथला फार थांबू नका, पण उतरा. १८६८ साल आहे. वालधुनीच्या काठी, झाडांच्या सावलीत, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं शिवमंदिर आहे. मुंबईच्या कलाशाळेतलं पथक टेरी साहेबाबरोबर इथं आलंय. मुलं फूटपट्टी लावून खांब मोजतात, शिल्पांचे साचे घेतात, एकेक थर कागदावर चढवतात. त्यांच्या खांद्यावरून कागद बघा. एकही रेघ चुकलेली नाही, आणि मंदिर थंडगार सावलीत आहे की भर उन्हात, हे काही कळत नाही. मोजणीच्या चित्राला प्रहर नसतो. वातावरण हवं असेल तर आधी वेळ ठरवावी लागते, हा धडा इथून घेऊन निघा.

१९१० चा नोव्हेंबर. दिवाळी होऊन आठवडा झालाय. तुम्ही सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी आहात. प्रिन्सिपॉल सेसिल बर्न्स आहेत, शिक्षकांत एम. व्ही. धुरंधर आहेत. आज सुट्टी, म्हणून तुम्ही लँडस्केपला निघालात. बोरीबंदर ते कल्याण ३३ मैल, थर्ड क्लास. बगलेत ड्रॉइंग बोर्ड, पिशवीत पत्र्याची रंगपेटी, दोन सेबल ब्रश, पाण्याची बाटली, जुन्या धोतराचा फडका आणि डबा. स्टेशनवरून बाजारपेठ, पारनाका करत तुम्ही दुर्गाडीखाली खाडीवर पोचता.

किल्ल्याकडे पाठ करून बसा. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि इथं गलबतं बांधायला काढली, हे तुम्हाला ठाऊक आहे. बुरूज चित्रात घ्यायचा मोह होणार. पण बुरूज आला की चित्र इतिहासाचं होतं, आणि तुम्हाला हवाय खाडीकाठचा एक तिसरा प्रहर. समोर ओहोटीचा चिखल उघडा पडलाय. पलीकडे तिवरांची काळी-हिरवी किनार, तिच्यामागे बांधापलीकडे भाताची खाचरं. गरवा भात कापणीला आलाय. पाच-सहा बाया वाकून विळे चालवतायत. खाडी पश्चिमेला वळण घेत जाते. नैर्ऋत्येला पारसिकची रांग, आणि तिच्या उजवीकडे, ठाण्याच्या डोंगरांकडे, सूर्य उतरायला लागलाय.

पुठ्ठ्याला कापलेली चौकोनी खिडकी डोळ्यापुढे धरा आणि वर-खाली करा. पहिला प्रश्न एकच, क्षितिज कुठे धरायचं?

खिडकी वर न्या. क्षितिज खाली जातं, दोन-तृतीयांश कागद आकाशाला मिळतो. श्रावण असता तर हेच केलं असतं. पारसिकवर ढग कोसळत असतात, मधूनच एखाद्या शेतावर उन्हाचा पट्टा पडतो, तेव्हा जमिनीनं गप्प बसावं. जॉन कॉन्स्टेबलच्या १८२१ च्या ‘द हे वेन’मध्ये गवताची गाडी ओढ्यात उभी आहे, पण चित्राचा जीव वरच्या ढगांत आहे. कार्तिकात मात्र आपलं आकाश कोरं. ढगाचा पुंजकासुद्धा नाही. एवढी रिकामी जागा घेऊन करायचं काय?

खिडकी मधोमध धरा. क्षितिज कागदाचे दोन सारखे तुकडे करतं, आणि कोणता तुकडा आपला हे डोळ्याला ठरवता येत नाही. म्हणून तर जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं १७९७ मध्ये तृतीयांशाचा नियम लिहून ठेवला. आता खिडकी खाली न्या. क्षितिज वर चढतं. चिखल, पाणी, बांध, खाचरं पसरत जातात आणि बाया क्षितिजाच्या खाली येतात. फ्रेंच चित्रकार मिलेनं १८५७ मध्ये सुगीनंतर शेतात सांडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बाया काढल्या तेव्हा हेच केलं. क्षितिज इतकं वर धरलं की त्यांच्या वाकलेल्या पाठी जवळजवळ जमिनीतच राहिल्या. आकाश त्यांच्या वाट्याला आलंच नाही.

तेव्हा क्षितिजाची रेघ म्हणजे न्यायनिवाडा आहे. खाली धरली की चित्र आकाशाचं, वर धरली की कष्टाचं. तुम्ही वरच्या तृतीयांशावर पेन्सिल टेकता.

दुसरा प्रश्न ताडाचा. चिखलाच्या कडेला एकच ताड आहे, आणि तो तुमच्या चौकटीत अगदी मधोमध येतोय. सगळ्या रेघा आडव्या आहेत, म्हणून चित्र शांत वाटतंय. उभी रेघ एकच हवी, पण कडेला. डावीकडे असली तर पाण्याबरोबर बाहेर वाहत जाणारी नजर ती अडवील. डॅनियलनं ताड सरकवला असता. तुम्ही उठा आणि स्वतः दहा पावलं सरका. आता ताड डाव्या कडेला आला, शिवाय खाडीचं वळण कोपऱ्यातून आत शिरतं. झाड हलवू नये, आपण हलावं. निसर्गचित्राची निम्मी रचना पायांनी होते.

आता रंग. रेघा चार-पाचच, जास्त नकोत. कागद ओला करा, बोर्ड थोडा कलता धरा. क्षितिजापाशी यलो ओकर, त्यात क्रिमसनचा नखभर अंश, वर जाता जाता कोबाल्ट. कागदाची ओल अर्धी उतरली की पारसिकची रांग, कोबाल्टमध्ये चिमूटभर लाल माती. वरची कड किंचित पसरली पाहिजे. ती कोरडी, कातरल्यासारखी आली तर डोंगर तीन मैल पुढे येऊन उभा राहतो. पाण्याला आकाशाचेच रंग, उलट्या क्रमानं आणि जरा गडद. चिखलातल्या चिरीत जिथं ऊन लखलखतंय, तिथं रंग लावायचाच नाही. जलरंगात उजेड विकत मिळत नाही, कोरा कागद राखून ठेवावा लागतो. तिवरांना प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना. सगळ्यात गडद जागा तीच, पण पट्टी अरुंद. गडद जागा पसरली की चित्र उदास होतं. पातळ ठेवली की बाकीचा उजेड तिच्या जिवावर उभा राहतो. चित्राचं वातावरण ठरतं ते सगळ्यात मोठ्या क्षेत्राच्या रंगावर आणि काळा-पांढरा यांच्यातल्या अंतरावर. अंतर कमी, तर निवांत. जास्त, तर नाट्य.

एव्हाना मागे एक पोरगा येऊन उभा राहिलाय. हातात काठी, कमरेला लंगोटी. चिखलात त्याच्या म्हशी लोळतायत. तो बराच वेळ कागदाकडे बघतो आणि म्हणतो, “पाच हान. तुमी दोनच काराल्या.”

खरंय त्याचं. पाच म्हशींची ओळ लागते, डोळा मोजत बसतो. दोन असल्या तर एक बसलेली, एक उभी, आणि त्यांच्यामधली जागा बोलते. तुम्ही त्याला हे समजावू शकत नाही, पण त्याच्या बोलण्यानं तुमची हद्द ठरते. वगळायची मुभा आहे. नसलेलं आणून ठेवायची नाही. सहावी म्हैस काढलीत तर तो पोरगा हसेल, आणि त्याचं हसणं रास्त असेल.

बायांचंही तसंच. या अंतरावरून वाकलेली बाई म्हणजे ब्रशचा एक वाकडा फटकारा. एकीच्या लुगड्याचा लाल ठिपका, बांध आणि पाणी मिळतात तिथं. अख्ख्या कागदावर तेवढाच लाल, म्हणून नजर तिथंच जाऊन थांबते. बघणाऱ्याला तिथं विसावा वाटेल. तिची पाठ मात्र सकाळपासून वाकलेली आहे, आणि कापलेल्या भातातला खंडाचा वाटा तिच्या घरी जायचा नाही. हे चित्रात सांगता येत नाही. पण तिला क्षितिजाच्या खाली ठेवणं, तिची सावली लांब आणि जड करणं, तिला हसरी न करणं, एवढं तुमच्या हातात आहे.

तेवढ्यात पुढचा चिखल नाहीसा व्हायला लागतो. आज अष्टमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग. भांगाची भरती सावकाश, आवाज न करता चढते. मघाची चिखलातली चीर आता पाण्याखाली आहे, म्हशी उठून काठावर आल्यात, आणि ताडाचं प्रतिबिंब पडायला लागलंय. प्रतिबिंब सुरेख आहे. ते घ्यावंसं वाटतं. पण तुमच्या सावल्या तिसऱ्या प्रहराच्या आहेत. तीनचं ऊन आणि पाचचं पाणी एका कागदावर आलं तर शहरातल्या प्रदर्शनात कुणी बोलणार नाही, खाडीवरचा कोळी मात्र एका नजरेत ओळखेल. अंबरनाथचा धडा आठवा आणि ब्रश धुवून टाका. प्रतिबिंबासाठी दुसरा कागद, दुसरा दिवस. डोक्यावर अर्धा चंद्र आलाय, तो तर चौकटीत नव्हताच.

आता आजच्या दिवसात या, त्याच काठावर. ताड नाही. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात आणि ठाण्याची अठरा लाखांवर होती. ती सगळी माणसं कुठेतरी राहणारच. खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. खाडीवरच्या पुलांवर रहदारी आहे. आडव्या रेघांच्या मुलुखात आता उभ्या रेघांची गर्दी झालीय, आणि क्षितिज बहुतेक ठिकाणी इमारतींच्या मागे गेलंय. धीम्या लोकलमधून कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान ते थोडा वेळ दिसतं, तेही दारात उभं राहायला मिळालं तर.

अशा वेळी बरेच चित्रकार दोन वाटा धरतात. एक, मुरबाडच्या किंवा कोकणच्या बाजूला जाऊन ‘गाव’ शोधायचं. दुसरी, इथंच बसायचं आणि टॉवर वगळायचे. पहिली वाट समजू शकतो. दुसरी मला पटत नाही. तीन म्हशी वगळणं वेगळं आणि क्षितिजच वगळणं वेगळं. टॉवर काढून टाकलेली कल्याणची खाडी भिंतीवरच्या कॅलेंडरात शोभेल. तिला निसर्गचित्र म्हणायला मी तयार नाही.

आणि टॉवरनं रचना बिघडतेच असंही नाही. उभ्या रेघांचा दाट पुंजका डाव्या कडेला घ्या, तो ताडाचंच काम करील. सूर्य त्यांच्यामागे गेला की खिडक्या, गॅलऱ्या, कपडे सगळं मिटून एकच सपाट जांभळा आकार उरतो. त्यापुढे तिवर अजून आहेत, बगळे आहेत, भरती-ओहोटी तर आहेच. होडीतून जाळं टाकणारा माणूसही दिसतो. लाल ठिपका हवा असेल तर त्याला द्या. मात्र क्षितिज आधी ठरवा, आणि ते कुणाच्या बाजूनं धरताय हे स्वतःशी कबूल करा.

येत्या कार्तिकात अष्टमी बघून खाडीवर जा. दुपारी तीनच्या सुमारास बसलात तर चिखलही मिळेल आणि चढतं पाणीही. दोन कागद न्या. चित्र साधलं, फसलं, याची फार फिकीर करू नका. सही कोपऱ्यात बारीक करा, पण जागेचं नाव आणि तारीख वाचता येईल अशी लिहा. इतक्या झपाट्यानं बदलणाऱ्या काठाचं चित्र पन्नास वर्षांनी कुणी हातात घेतलं, तर आधी तीच ओळ वाचली जाणार आहे.